दुसऱ्या ग्रिपा

हायड्रो सुरू झालं तेव्हा फिटर बिरप्पाचा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत आत होता.

हायड्रो म्हणजे ओल्या टॉवेलांतलं पाणी काढणारं यंत्र. आत जाळीचा लोखंडी पिंप, त्याभोवती दुसरा पिंप, खाली मोटार. आतला पिंप फिरतो आणि पाणी बाहेर फेकलं जातं. कधी एखादा टॉवेल दोन पिंपांमधल्या फटीतून खाली सटकतो आणि दांड्याला गुंडाळतो. तो काढायला यंत्राच्या मागे, भिंतीलगत आडवं पडून खालच्या झडपेतून हात घालावा लागतो. पुढे बोर्डापाशी उभ्या असलेल्याला मागचा माणूस दिसत नाही.

अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या टॉवेल कारखान्यात तेव्हा दुपारची पाळी नुकतीच लागली होती. रंगाई खात्यातल्या लोकांनी आधी एक जड आदळल्यासारखा आवाज ऐकला, मग किंकाळी. मग किंकाळी थांबली आणि पिंप तेवढा धडधडत राहिला. कोणीतरी लाल बटण दाबलं. ब्रेक लागूनही तो पिंप थांबायला वेळ घेतो. तेवढ्या वेळात मागच्या भिंतीवर रक्ताची आडवी रेघ उमटली, पुसली जाऊन पुन्हा उमटली.

रंगाई खात्याची प्रमुख दानेश्वरी हिरेमठ वरच्या ऑफिसातून जिना उतरून आली. धावत आली नाही. वाटेत तिने पॅकिंगच्या ढिगातला कोरडा टॉवेल आणि सुताची एक रिकामी बॉबिन उचलली. बिरप्पा भिंतीला टेकून बसवल्यासारखा पडला होता. कपाळ पिंपाच्या कडेवर आपटून उघडं पडलं होतं आणि उजवा हात दंडापासून नव्हता. तिने उरलेल्या दंडाभोवती टॉवेलची पट्टी बांधली, गाठीत बॉबिन घातली आणि पिळली. रक्ताची उडी तिच्या हनुवटीवर आली. तिने आणखी पिळली. उडी बसली.

"टेम्पो दारात लावा," ती म्हणाली. "मागचे दोन्ही फाळके पाडा. त्याच्या भावाला, गुरप्पाला, शिवण खात्यातून बोलवा. त्याच्या बायकोला, ईरम्माला, आत्ता काही सांगू नका."

तिचा आवाज नेहमीचा होता. याच आवाजात ती रंगाचा हिशोब सांगायची, रजा मंजूर करायची. गेल्या उन्हाळ्यात वाफेचा पाइप फुटून दोघे भाजले तेव्हाही ती याच आवाजात बोलली होती आणि गोंधळलेली माणसं आपापल्या कामाला लागली होती. तिच्याबद्दल कारखान्यात असं म्हणत की जेवढी मोठी भानगड, तेवढा मॅडमचा आवाज खाली. लोक त्यावर विसंबून होते.

"हात कुटाय?" एक हमाल विचारत होता. "हात कुटाय त्येचा?"

"आत आहे. मेन स्विच पाडून मग काढ. स्वच्छ कापडात गुंडाळ, पिशवीत घाल, पिशवीभोवती बर्फ. बर्फ थेट लावू नको."

हमाल गेला आणि ओकून परत आला. मग त्याने ते काम केलं.

बांधताना दानेश्वरीचा हात बिरप्पाच्या शर्टच्या खिशाला लागला होता. खिशात तीन टणक वस्तू होत्या. तिने न बघता ओळखल्या. चिनी मातीच्या ग्रिपा.

त्या खात्यात एक रीत होती. यंत्रात ज्याला हात घालायचा, त्याने आधी बोर्डातल्या फ्यूजच्या तिन्ही ग्रिपा उपसायच्या आणि आपल्या खिशात ठेवायच्या. खिशातून ग्रिपा बाहेर येईपर्यंत ते यंत्र मेलेलं. कुणाचाही हुकूम त्यावर चालत नसे, मालकाचाही नाही. पण फिटर लोक विसराळू. काम संपवून ग्रिपा खिशातच घेऊन घरी जायचे. हिवाळ्यात एकदा असाच कोणी होटगीला निघून गेला, फोन बंद, आणि परदेशी जायचा सगळा माल रात्रभर ओला राहून डागाळला. त्यानंतर दानेश्वरीने प्रत्येक यंत्राच्या दुसऱ्या ग्रिपा आणवून कपाटात ठेवल्या. सगळ्यांना ते सोयीचं वाटलं.

तिने मान वळवून बोर्डाकडे पाहिलं. तीन नव्या कोऱ्या, पांढऱ्या ग्रिपा बसलेल्या होत्या. बोर्डापाशी मल्लप्पा उभा होता. हायड्रोचा ऑपरेटर, पन्नाशीचा, वेळापूरच्या बाजूने पोटासाठी इकडे आलेला. त्याचं बोट अजून हिरव्या बटणाजवळ होतं.

थोड्या वेळापूर्वी त्यानेच तिला खालून फोन केला होता.

"मॅडम, हायड्रोच्या ग्रिपा न्हाईत. बिरप्पाकडं आसतील. बगून येऊ का?"

दुसऱ्या फोनवर मालक होता आणि संध्याकाळी निघणाऱ्या गाडीबद्दल बोलत होता. बिरप्पाला सकाळी तिनेच बॉयलरवर पाठवलं होतं. तिथलं काम आटपून तो हायड्रोकडे गेला असेल असं तिच्या मनातही आलं नाही.

"बिरप्पा बॉयलरला आहे," ती म्हणाली होती. "कपाटातल्या घाल आणि चालू कर."

"व्हय मॅडम."

मल्लप्पाने पुन्हा विचारलं नव्हतं. त्या आवाजाला कुणी पुन्हा विचारत नसे.

बिरप्पाचा धाकटा भाऊ गुरप्पा आला तेव्हा बिरप्पाला टेम्पोत ठेवत होते. गुरप्पा टेम्पोच्या चाकावर डोकं आपटू लागला. दानेश्वरीने त्याच्या मानेला धरून त्याला वर केलं आणि कानडीत म्हणाली, "निल्लु, तम्मा. थांब. ही बॉबिन धर. सोडलीस तर तो जाईल. सोडू नको."

गुरप्पाने दोन्ही हातांनी बॉबिन धरली. टेम्पो गेला.

दानेश्वरी वळली तेव्हा मल्लप्पाला पहिला फटका बसला होता.

कोणी मारला ते कळलं नाही. टॉवेलच्या गाड्या ओढायचा लोखंडी आकडा होता. मल्लप्पा गुडघ्यावर आला, तोंडातून दातांचा तुकडा आणि लाळ गळाली. मग सगळेच पुढे आले. निम्मी माणसं होटगीची होती, बिरप्पाच्या गल्लीतली, भावकीतली. 

"डोळं फुटलं व्हतं का रं तुजं?"

"मला म्हाईत नव्हतं! आईशप्पत म्हाईत नव्हतं!"

"ग्रिपा कशा घातल्या? ग्रिपा त्येच्या खिशात हायत की!"

"मॅडमनी सांगितलं—"

"मॅडमचं नाव घेतोय! मॅडम असं सांगतील व्हय रं?" आणि त्याच्या बरगडीत लाथ बसली.

दानेश्वरी गर्दीत शिरली. तिने कोणाला ढकललं नाही. एकेकाचं नाव घेऊन एकेकाला काम दिलं. तू बॉयलरचा दाब उतरव. तू गेटवर थांब, रस्ता मोकळा ठेव. आपला रक्तगट कुणाकुणाला माहीत आहे? रक्त लागेल, मोटारसायकल असलेल्यांनी इस्पितळात जा. नाव घेतलेला माणूस क्षणभर तिच्याकडे बघायचा आणि निघायचा. गर्दी अशी उसवत गेली. मल्लप्पाला तिने काखेत धरून उठवलं आणि रंगाच्या खोलीत नेलं. त्या खोलीला लोखंडी दार होतं. तिने बाहेरून कडी घातली, कुलूप लावलं आणि दाराला पाठ लावून स्टुलावर बसली.

आतून मल्लप्पा म्हणाला, "मॅडम, तुमी त्यास्नी सांगा की."

"सांगते," ती म्हणाली. "आधी पोलीस येऊ देत."

तिने मनात कामांचा क्रम लावला होता. बिरप्पा इस्पितळात. गर्दी पांगवणं. पोलीस. मग ग्रिपांचं. आत्ता सांगितलं तर गर्दी भडकेल, तिचं कोणी ऐकणार नाही आणि मल्लप्पाला वाचवायला कोणी उरणार नाही. हिशोब बरोबर होता. पण त्या हिशोबामुळे 'मी सांगितलं' हे वाक्य आत्ता उच्चारावं लागत नव्हतं, हेही तिला दिसत होतं.

पोलिसांनी फोनवर सांगितलं, सात रस्ता चौकात मोर्चा आहे, सगळी माणसं बंदोबस्ताला आहेत, गाडी पाठवतो. मग मालकाचा फोन आला.

"ऑपरेटरने न विचारता चालू केलं. एवढंच सांगायचं. बाकी मी बघतो."

"विचारलं होतं, साहेब. मला विचारलं होतं."

"हिरेमठ बाई, नीट ऐका. तुम्ही शांत डोक्याच्या आहात म्हणून तर तुम्हाला तिथे बसवलंय. शांत राहा. गाडी आज निघाली पाहिजे."

ती काही बोलली नाही. मालकाने त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि फोन ठेवला. 

इस्पितळाच्या दारात पोचेपर्यंत बिरप्पा गेला होता. गुरप्पाने बॉबिन सोडली नव्हती. ती त्याच्या हातातून काढायला दोन माणसं लागली. भावाला तिथेच ठेवून तो त्याच टेम्पोतून परत निघाला आणि मागोमाग होटगीहून मोटारसायकली आल्या.

गेटवर वॉचमन आडवा झाला. त्याच्या डोक्यात दगड घातला गेला आणि तो गेटच्याच सावलीत पडून राहिला. आत शिरताना त्यांनी काचा फोडल्या, टॉवेलच्या गाड्या उलथल्या, रंगाचे डबे लाथाडले. लाल रंग ओल्या फरशीवर पसरला. बिरप्पाचं रक्त कुठे संपतं आणि रंग कुठे सुरू होतो ते सांगता येईना. रक्तदानाला निघालेली माणसंही वाटेतून परतून त्यांच्यात मिसळली होती.

गुरप्पाच्या हातात यंत्राची पहार होती. शर्ट भावाच्या रक्ताने पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता.

"सरका मॅडम."

दानेश्वरी उठून उभी राहिली. "गुरप्पा, मल्लप्पाने मला विचारलं होतं. मी त्याला चालू करायला सांगितलं. चूक माझी आहे."

गुरप्पाने पहार फरशीवर टेकवली. मग हसला. ते हसणं बघून मागचे दोघे मागे सरले.

"आयकलं का रं? चूक माजी हाय म्हनती. आवाज बगा हिचा. जनू काय चा सांगतीय चार कप." तो तिच्या तोंडाजवळ आला. "माजा भाऊ मेलाय. खरंच चूक आसती तर मानूस आसं बोलतंय व्हय? रडतंय, पाया पडतंय. तुमी मानसं वाचवायला बोलताय. तुमचं कामच हाय त्ये."

"मी खरं सांगतेय."

"लई हुशार हायसा. माजं डोस्कं फिरवून मला टेम्पोत बशीवलंत. आता न्हाय बसनार."

त्याने पहारीच्या दांड्याने तिला बाजूला सारलं. तिचं कानशील चौकटीवर आपटलं आणि ती खाली बसली. कोणीतरी टॉवेलची भरलेली गाडी मागून पळवत आणली आणि दारावर घातली. पहिल्या दणक्याला बिजागरी वाकली. दुसऱ्याला कुलूप तुटलं.

मल्लप्पा डब्यांच्या मागे दडला होता. त्याला पाय धरून बाहेर ओढलं. त्याची नखं फरशीवर ओरखडत आली. गुरप्पाने त्याच्या गुडघ्यावर पहार घातली. हाड मोडल्याचा आवाज खात्यात सगळ्यांनी ऐकला. मग होटगीच्या एकाने त्याचा उजवा हात पकडून गाडीच्या लोखंडी कडेवर ठेवला.

"ह्योच हात. ह्याच हातानं दाबलं ना बटन?"

"मॅडम!" मल्लप्पा ओरडला. "मॅडम, सांगा की हो!"

"मी सांगितलं होतं त्याला," दानेश्वरी म्हणाली. ती भिंत धरून उठली होती, कानातून रक्त येत होतं. "माझ्या सांगण्यावरून दाबलं."

कोणी वळूनही पाहिलं नाही. तिला ओरडायचं होतं. छातीत जोर घेऊन तिने तोंड उघडलं आणि पुन्हा तेच वाक्य, तेवढ्याच आवाजात बाहेर पडलं. इतक्या वर्षांत तिने तो आवाज एवढा घट्ट बसवला होता की आता तो हलेना. पहार मल्लप्पाच्या बोटांवर पडली. 

शिवण खात्याच्या दारातून ईरम्मा आली ती याच वेळी. बिरप्पाची बायको. टॉवेलांच्या कडा शिवायच्या कामावर ती त्याच कारखान्यात होती आणि बायकांनी तिला इतका वेळ कोंडल्यासारखं धरून ठेवलं होतं. तिचे केस सुटले होते, एका हाताची बांगडी फुटून मनगट कापलं होतं. ती लाल फरशीवरून अनवाणी चालत आली तेव्हा माणसं बाजूला झाली. गुरप्पाची पहार वरच राहिली.

तिने मल्लप्पाकडे पाहिलं. त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं.

"ह्यानं मारलं का माज्या मानसाला?"

"व्हय वैनी," गुरप्पा म्हणाला.

"नाही," दानेश्वरी म्हणाली. "मी सांगितलं, त्याने फक्त दाबलं."

ईरम्मा तिच्यासमोर येऊन उभी राहिली. दोघींच्या वयात फार फरक नव्हता. 

"तुमी सांगितलं?"

"हो."

"मंग कसं सांगितलं त्ये सांगा. जसं सांगितलं तसंच. एक शबुद हिकडं तिकडं न्हाय."

दानेश्वरी मल्लप्पाकडे बघून बोलली.

"बिरप्पा बॉयलरला आहे. कपाटातल्या घाल आणि चालू कर."

खात्यात यंत्रं बंद होती, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. रोज ऐकत होते तोच आवाज होता. फरशीवर पडलेल्या मल्लप्पाचं डोकं किंचित हललं. त्याचे डोळे सुजून मिटले होते, तो कुठे आहे हे त्याला कळत होतं की नाही कोण जाणे.

"व्हय मॅडम," तो म्हणाला.

सवयीने म्हणाला. जणू अजून बोर्डापाशीच उभा होता.

मल्लप्पाचा हात धरून बसलेल्या माणसाने तो सोडून दिला आणि आपले हात पँटला पुसले. कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "आसंच म्हनत्यात त्या. आगदी आसंच." रंग कालवणारा एक म्हातारा कामगार तोंडावर हात ठेवून खाली बसला. मल्लप्पाच्या जागी आपण असतो तर आपणही त्या ग्रिपा घातल्या असत्या, हे तिथल्या बहुतेकांना एकदमच कळलं, आणि कोणी कोणाकडे बघेना.

गुरप्पाने पहार पुन्हा उचलली आणि दानेश्वरीकडे वळला. तिने हात वर केला, तो डोकं झाकायला होता की त्याला थांबवायला ते सांगता येणार नाही. पहार मनगटाच्या वर बसली. हात भलत्याच जागी वाकला. ती खाली पडली.

"वरड!" गुरप्पा म्हणाला. "एकदा तरी वरड की! माजा भाऊ वरडला. मी वरडलो. तू कशी वरडत न्हाईस?"

त्याने तिला पोटात लाथ मारली. तिच्या तोंडून नुसती हवा बाहेर आली. तो पुन्हा पहार उचलत होता, पण ती वरच्या वर निसटून त्याच्या मागे खणकन पडली. तो तिथेच उकिडवा बसला आणि दोन्ही हात डोक्यावर घेऊन रडू लागला. 

दानेश्वरीने मान वळवली. मल्लप्पा पाठीवर पडला होता आणि त्याच्या घशात रक्त घरघरत होतं.

"त्याला कुशीवर करा," ती म्हणाली. "गुडघा बांधा आणि टेम्पोत घाला. लवकर."

कोणी हललं नाही.

तिने पुन्हा सांगितलं. नाव घेऊन सांगितलं. ज्याचं नाव घेतलं तो बाजूला बघू लागला. आत्तापर्यंत त्या खात्यात असं कधी झालं नव्हतं. मल्लप्पाच्या घशातली घरघर जाड होत चालली. दानेश्वरी कोपरावर सरकत त्याच्याकडे निघाली. मोडलेला हात रंगातून मागे फरफटत होता. ती अर्ध्यावर पोचली आणि पुढे जाईना.

"उचला त्येला," ईरम्मा म्हणाली.

माणसं तिच्याकडे बघू लागली.

"आयकू येत न्हाय का? त्येच्या घरात बी कुनी वाट बगत आसंल. कुशीवर घ्या म्हनल्या ना त्या, तसं घ्या. गुरप्पा, ऊठ. पाय धर त्येचा, मोडलेला हाय, दमानं."

गुरप्पा उठला. त्याने डोळे पुसले, त्यामुळे तोंडावर रंग फासला गेला. होटगीच्या तिघांनी आणि त्याने मिळून मल्लप्पाला कुशीवर घेतलं. तोंडातून रक्ताची गुठळी फरशीवर पडली आणि त्याने मोठा, चिरका श्वास घेतला. त्याला टेम्पोत ठेवलं. फाळका लावताना गुरप्पा आत चढला आणि मल्लप्पाचं डोकं मांडीवर घेऊन बसला. त्याला तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं.

टेम्पो गेटबाहेर पडला तेव्हा पोलिसांची गाडी आत वळत होती. दोन शिपाई आणि एक फौजदार उतरले. फौजदाराने वॉचमनला पाहिलं, फुटक्या काचा पाहिल्या, फरशी पाहिली आणि दारातच थांबला. बूट रंगात घालावे की नाही, असा त्याला प्रश्न पडला असावा.

"इथं इन्चार्ज कोण?"

ईरम्मा भिंतीकडे तोंड करून उभी होती, जिथे बिरप्पा टेकून पडला होता तिथे. शिवण खात्यातल्या बायका तिच्याभोवती जमल्या होत्या आणि आता त्यांच्यातल्या एकीने मोठ्याने हंबरडा फोडला. बाकीच्यांनी तो उचलला. 

"मी विचारतोय, इन्चार्ज कोण?"

दानेश्वरीला बोलायचं होतं. ग्रिपा कोणी आणवल्या, कोणी कुठे ठेवल्या, कोणी काय सांगितलं, हे सगळं तिच्या डोक्यात नेहमीसारखं ओळीने लागलेलं होतं. तिने तोंड उघडलं आणि या वेळी कुठलाच आवाज आला नाही, तो नेहमीचाही नाही. तिने धड असलेला हात वर केला. शिपाई वाकून तिच्याजवळ आला, त्याने तिचा दुसरा, मोडलेला हात पाहिला आणि मागे वळून म्हणाला, "साहेब, ह्या बाईंना आधी दवाखान्यात न्यावं लागेल." तिने मान हलवून नको म्हटलं आणि धड हाताने हायड्रोच्या बोर्डातल्या तीन पांढऱ्या ग्रिपांकडे दाखवलं.